पेटीला गाते करणारे गोविंदराव

गोविंदराव टेंबे यांचा जन्म १८८१ साली कोल्हापूरजवळील सांगवडे या गावी झाला. पेटी ते बहुतांशी स्वतःच शिकले. पेटीचे स्वर ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तीतून निघत नाही. तरीही भास्करबुवा बखले यांच्या गायकीचा ध्यास घेऊन त्यांनी त्या परदेशी वाद्याला गाते केले.

१९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकातील पदांना त्यांनीच चाली दिल्या. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या मराठी बोलपटाचे संगीत त्यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच! परंतु लोकांनी गाणारे ध्यानी ठेवले, चाली बांधणारा विसरला.

१९४० साली नभोवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. गोविंदराव १९५५ सालीच निवर्तले होते.