कै. टी. टी. कृष्णम्माचारी : एका उद्योगमंत्र्याचे उत्तरदायित्व

स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकात व्यापार-उद्योगाची घडी बसविणाऱ्या मंत्र्यांत कै. टी. टी. कृष्णम्माचारी यांचे स्थान अग्रभागी आहे. २६ नोव्हेंबर १८९९ रोजी मद्रास येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १९२८ साली मालवितरणाची पेढी काढली. व्यापारातील खाचाखोचा अशा रीतीने त्यांना स्वानुभवाने अवगत झाल्या. पुढे सार्वजनिक जीवनात शिरल्यावर घटनेच्या मसुदा समितीवरही त्यांनी काम केले.

मे १९५२ मध्ये वाणिज्य व उद्योग खाते त्यांच्याकडे आले. गिरणीच्या कापडापुढे हातमागाचा टिकाव लागणे त्या काळी कठीण झाले होते. त्याच वर्षी अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले. १९५३ च्या कायद्याने गिरणीच्या कापडावर दर वारामागे अल्पसा जादा कर बसला व त्याचे उत्पन्न खादी आणि हातमागाच्या उत्कर्षासाठी राखण्यात आले. गिरण्यांच्या धोतर-उत्पादनालाही मर्यादा पडली. गिरणीमालकांना ही तोशीस जाचक वाटणे स्वाभाविक होते. परंतु विणकराच्या चुलीचा प्रश्न मंत्र्याला दृष्टिआड करता येत नव्हता. १९५४ साली राष्ट्रीय औद्योगिक विकास महामंडळ व १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ निघाले. लहान आणि मोठा अशा दोन्ही धंद्यांना त्यांच्या कारकिर्दीत सरकारी आधार लाभला.

१९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले व ती धुरा कृष्णम्माचारींकडे आली. तेथेच त्यांची कसोटी लागली. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या घरातील भाग खरेदी केले. फिरोज गांधी यांनी लोकसभेत हे प्रकरण उजेडात आणले. मुंबईचे न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली. व्यवहारात सचिवांचा हात असला तरी त्यांच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

१९६२ साली ते मंत्रिमंडळात परतले व १९६३ ते १९६५ या काळात पुन्हा अर्थमंत्री झाले. ७ मार्च १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कर्तृत्वाइतकाच त्यांचा पायउतारही बोधप्रद आहे. विमेदारांचा पैसा ही ठेव असते. ती सांभाळणाऱ्याने हाताखालच्या माणसाच्या सहीचाही जाब द्यावा लागतो, ही रीत त्या प्रसंगाने लोकशाहीत रुजविली.