ताराबाई मोडक आणि आपली मातीची बादली

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची ठरली, तेव्हा चिटणीसबाईंनी माझ्याकडे लोणच्यांवर लेख मागितला होता. लोणची मला बरी जमतात. पण ह्या खेपेस मी ताराबाई मोडकांवर लिहीन म्हणून हट्ट धरला. कारण आपणां सर्वजणींना ठाऊक आहे. मंडळाच्या खोलीत सकाळी भरणाऱ्या बालवाडीवरून गेल्या पावसाळ्यापासून आपल्यात दोन तट पडले आहेत. तीन वर्षांची मुले माती कालवतात, पाने चिकटवतात, पाटीवर मात्र एक अक्षर नाही. मग ही फी कशाची, असे काही भगिनींचे म्हणणे आहे. ते अगदीच खोटे आहे असे मी म्हणत नाही. पुढे पहिलीच्या बाई त्या मुलांकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे मीही पाहिले आहे.

ताराबाईंचा जन्म 1892 सालचा, एप्रिल महिन्यातला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलीने शिकावे ह्याला घरातून आडकाठी नव्हती. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्न झाले ते अमरावतीच्या एका वकिलांशी. तो संसार टिकला नाही. 1921 साली दोघे विभक्त झाली. त्या काळी नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई म्हणजे लोकांच्या बोलण्याला कायमचा विषय. ताराबाई लहानग्या मुलीला घेऊन राजकोटला गेल्या आणि स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्या झाल्या. मानाची जागा, चांगला पगार. एकट्या बाईने ती घट्ट धरून ठेवली असती, तर कोणीही तिला नावे ठेवली नसती.

पण जवळच भावनगरला एक वेगळाच उद्योग चालला होता. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे ह्या विचारात पडले, तेव्हा इटलीच्या माँटेसोरीबाईंचे विचार त्यांच्या वाचनात आले आणि वकिली मागे पडली. 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. तिथे मुलांना मार नव्हता, धाक नव्हता. गोष्टी होत्या, गाणी होती, नाटुकली होती. ह्या भरघोस मिशांच्या गृहस्थांना मुले आईसारखी बिलगत, म्हणून त्यांना मिशीवाली आई असेच नाव पडले होते. 1923 साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून तिथे गेल्या. मला वाटते त्यांच्या आयुष्यातले खरे धाडस ते हेच. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि शिक्षणपत्रिकेतून त्या आईबापांशी बोलू लागल्या, आधी गुजरातीतून, पुढे मराठीतूनही. 1936 साली त्यांनी दादरला शिशुविहार काढले.

इथवरची हकीकत अनेकजणींनी वाचली असेल. मला सांगायचे आहे ते पुढचे, कारण ते आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात घडले. (2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला, एरवी कोसबाड आणि बदलापूर एकाच जिल्ह्यातली गावे होती.)

1945 च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. त्या बालविधवा, रात्रीच्या शाळांचा अनुभव गाठीशी असलेल्या, ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. शहरात बालमंदिर चालवणे निराळे आणि खेड्यात चालवणे निराळे, हे दोघींच्या लवकरच ध्यानात आले. गरिबांची मुले शाळेच्या इमारतीकडे फिरकेनात. कोणी धाकटे भावंड काखेला घेऊन बसलेले, कोणी गुरांमागे गेलेले. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीवर नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, आधी त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग खेळ. ही अंगणातली बालवाडी. सरकारची अंगणवाडी योजना 1975 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झाली. त्या नावाची मुळे ह्या बोर्डीच्या अंगणांत आहेत.

1956-57 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यांनी विकासवाडी केली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले, म्हणजे त्याला सांभाळणारी मोठी बहीण वर्गात बसायला मोकळी.

आणि साधने? माँटेसोरीची रंगीत लाकडी साधने महाग. ताराबाईंनी शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती घेतली. बियांनी मोजणे, खड्यांनी नक्षी, मातीची भांडी नि गुरे. वारली मुलाची घरची बोली एक आणि बाईंची मराठी दुसरी. बाईंच्या भाषेत त्याला बोलता येईना, पण हातांनी पुष्कळ सांगता येई. रंगकाम आणि मातीकाम हे ताराबाई वेळ घालवण्याचे साधन समजत नसत. मूल स्वतःबद्दल काही सांगत आहे, असे समजून त्या त्याकडे पाहत.

हे वाचले तेव्हा मला आपली ती उल्हासनगरची चिमुरडी आठवली. 1949 साली कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले, त्या पिढीतल्या सिंधी कुटुंबाची ही पणती. घरात सिंधी, बालवाडीत मराठी. अडीच महिने तिने तोंड उघडले नाही. काहीजणींनी तर तिच्या आईला डॉक्टर सुचवले. मीही त्यांच्यात होते, हे कबूल करते. एका सकाळी तिने बादलीतला मातीचा गोळा घेतला, तळव्यावर थापला, नखाने त्यावर रेघा ओढल्या आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, कोकी. त्यांच्या घरची जाड पोळी. मी खाल्ल्यासारखे केले, तर हसली आणि आणखी चार थापून तिने बदलापूरच्या दोन मुलांना वाढल्या. त्या दिवसापासून ती थांबलेली नाही. आता तिला गप्प कसे करावे हाच प्रश्न आहे.

माझ्या स्वतःच्या मुलाला मी अडीचाव्या वर्षी एका शाळेत घातले होते. तिथे रोज पाटी गिरवून घेत. अक्षर त्याला आले, वळणदार आले; पण चित्र काढायला कागद दिला की तो आधी विचारी, काय काढू? आज तो मोठा झाला आहे, नोकरी करतो, सुखात आहे. तरी तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. त्याही 1992 साली गेल्या.

मंडळाची खोली सकाळच्या वेळी शिकवणीच्या वर्गाला भाड्याने द्यावी, असा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. भाडे आपल्याला हवे आहे, छपराचे काम राहिले आहे, हे खजिनदारबाईंइतकेच मलाही कळते. मतदानाआधी एका सकाळी सर्वजणींनी नऊ वाजता खोलीत यावे, एवढीच माझी विनंती आहे. साडी जुनी नेसून या. मातीची बादली दाराशीच असते.