इरावती कर्वे : लोकजीवनाच्या साक्षेपी अभ्यासक

लोप पावत चाललेल्या रूढी टिपण्यासाठी आज जगभर छायाचित्रकार फिरतात. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशासारख्या तीर्थक्षेत्रीही आपणांस कॅमेरे दिसतील. परंतु परंपरा टिपायची म्हणजे नेमके काय टिपायचे? इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचे जीवन या प्रश्नाचे उत्तर देते.

ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाईंनी बर्लिन येथे मानवी कवट्यांच्या मोजमापांवर संशोधन केले. युरोपीय वंश श्रेष्ठ मानणाऱ्या मार्गदर्शकाच्या गृहीतकाला ही मोजमापे आधार देत नाहीत, हे त्यांनी निर्भयपणे मांडले. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असताना त्यांनी क्षेत्रीय संशोधनासाठी विपुल भ्रमंती केली. प्रकाशा ज्या जिल्ह्यात होते, त्या जुन्या पश्चिम खानदेशातील भिल्लांवर त्यांचा ग्रंथ आहे. पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी दिंडीच्या आनंदाबरोबरच ब्राह्मण व मराठा वारकऱ्यांच्या वेगळ्या पंगतीही नोंदविल्या आणि त्याविषयीची वेदना लपविली नाही.

छायाचित्रात दिंडी एकसंध दिसते. पंगतींमधील अंतर चौकटीबाहेर राहते. आपल्या गावची यात्रा टिपताना आपणही ते अंतर पाहावे.