डॅनियल ओकॉनेल : आयर्लंडचा मुक्तिदाता



आयर्लंडचे दोन भाग पुन्हा एक व्हावेत का, हा प्रश्न शंभर वर्षे उलटली तरी सुटलेला नाही. १९२१ साली या बेटाची फाळणी झाली. दक्षिणेकडील २६ जिल्ह्यांना पुढच्या वर्षी स्वतःचे राज्य मिळाले, उत्तरेकडील ६ जिल्हे ब्रिटनकडे राहिले. त्या उत्तरेत १९६८ पासून १९९८ पर्यंत जो रक्तपात झाला, त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. एका बाजूचा समाज कॅथलिक, दुसऱ्या बाजूचा प्रोटेस्टंट. नाव मात्र दोघेही एकाच प्रभूचे घेणारे. १९९८ साली १० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, शांततेचा करार झाला. उत्तरेतील बहुसंख्य लोकांच्या संमतीशिवाय एकीकरण होणार नाही, असे त्यात ठरले. २०२१ च्या जनगणनेत उत्तरेतील कॅथलिक घरात वाढलेल्यांचे प्रमाण शेकडा ४५.७ भरले, प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती घरांतील लोकांचे ४३.५. तेव्हापासून अनेकजण बोटांवर हिशेब करू लागले आहेत की, आता मतदान झाले तर आपली डोकी किती भरतील?

डोकी मोजून सगळे साधते का? हा प्रश्न मनात ठेवून आज आम्ही एका थोर कॅथलिक माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. डोकी त्याच्या बाजूला हवी तितकी होती. तरीही त्याच्या हातून एक गोष्ट निसटलीच.

डॅनियल ओकॉनेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी जिल्ह्यात झाला. त्या काळच्या श्रीमंत घराण्यांच्या रीतीप्रमाणे त्यांचे बालपण एका कुळाच्या झोपडीत गेले. तिथे ते आयरिश भाषा बोलायला शिकले. पुढे निपुत्रिक काकांनी त्यांना डेरिनेन येथील घरी नेले. देशात तेव्हा पाचांपैकी चार माणसे कॅथलिक. पण जमीन, न्यायालये, नगरपालिका, पार्लमेंट हे सारे प्रोटेस्टंट अल्पसंख्याकांच्या हाती होते. कॅथलिकांविरुद्धचे जुने कायदे थोडे सैल होऊ लागले होते, तरी पार्लमेंटचे दार बंदच होते. सभासद होणाऱ्याला शपथ घ्यावी लागे की, मिस्सामध्ये भाकर व द्राक्षारसाचे प्रभूच्या शरीर-रक्तात रूपांतर होते हे आपण मानत नाही आणि मिस्सा ही मूर्तिपूजा आहे. कोणता श्रद्धावंत अशी शपथ घेईल?

शिक्षणासाठी काकांनी डॅनियलला फ्रान्सला पाठवले. तिथे क्रांतीचा वणवा पेटला होता. जानेवारी १७९३ मध्ये, राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला त्याच सुमारास, हा सतरा वर्षांचा मुलगा जीव मुठीत धरून फ्रान्स सोडून निघाला. रक्ताने माखलेल्या स्वातंत्र्याची त्याला कायमची शिसारी बसली. १७९८ साली ते वकील झाले. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये सशस्त्र उठाव झाला आणि हजारोंचे बळी गेले. माणसाच्या रक्ताने विकत घ्यावे असे कोणतेही राजकीय सुख नाही, हे मत त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही. तरुणपणी काही वर्षे त्यांची श्रद्धा मात्र सुटली होती. टॉमस पेन यांच्यासारख्यांची पुस्तके वाचून ते देव मानत, पण ख्रिस्तसभेपासून दूर होते. पुढे ते पुन्हा पवित्र मिस्सेकडे वळले आणि मग मागे फिरले नाहीत.

१ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडचे पार्लमेंट बंद झाले आणि देश ब्रिटनशी जोडला गेला. या कायद्याविरुद्ध ओकॉनेल १८०० सालीच डब्लिनमध्ये बोलले होते. कॅथलिकांवरचे जुलमी कायदे परत आले तरी चालतील, पण आयर्लंडचे पार्लमेंट जाऊ नये आणि आपण आपल्या प्रोटेस्टंट देशबांधवांच्या न्यायबुद्धीवर विसंबून राहू, असा त्यांचा आशय होता. बंधूभगिनींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. आरंभी त्यांना ते इतके जवळचे वाटत होते.

१८१५ साली त्यांच्या आयुष्याला डाग लागला. डब्लिन नगरपालिका केवळ प्रोटेस्टंटांची होती. ओकॉनेल यांनी तिच्याविषयी भाषणात हेटाळणीचा शब्द वापरला. तिचे एक सभासद जॉन डेस्टेर यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. नकार देणारा त्या काळी भित्रा ठरे. १ फेब्रुवारीला दोघे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. ओकॉनेल यांची गोळी डेस्टेर यांना वर्मी लागली आणि दोन दिवसांनी ते वारले. मागे विधवा पत्नी व लहान मुले उरली. आपल्या उत्पन्नातला वाटा देण्याची ओकॉनेल यांची तयारी त्या बाईंनी नाकारली. मुलीसाठी मात्र वर्षासन स्वीकारले आणि ते ओकॉनेल वर्षानुवर्षे देत राहिले. पुढे ख्रिस्तप्रसाद घ्यायला जाताना ते उजव्या हातात काळा मोजा घालत, असे सांगतात. ज्या हाताने माणूस मारला तो हात प्रभूसमोर उघडा नेण्याची त्यांना लाज वाटे. पुन्हा कोणाशीही ते द्वंद्वयुद्ध लढले नाहीत.

१८२३ साली त्यांनी कॅथलिक असोसिएशन स्थापन केले. सुरुवातीला हा वकील-व्यापाऱ्यांचा मेळा होता. वार्षिक वर्गणी गरिबाला झेपणारी नव्हती. पुढच्या वर्षी ओकॉनेल यांनी साधीच युक्ती काढली. महिन्याला एक पेनी द्या आणि सभासद व्हा! रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात वर्गणी गोळा होई, धर्मगुरू त्यात पुढाकार घेत. पैशाहून मोठे काम असे झाले की, पेनी देणाऱ्या शेतमजुराला वाटू लागले, ही चळवळ माझी आहे. धर्मग्रामाच्या पायावर उभी राहिलेली ही जगातील पहिल्या मोठ्या लोकचळवळींपैकी एक होय.

जुलै १८२८ मध्ये क्लेअर जिल्ह्यात पोटनिवडणूक आली. कॅथलिकाला पार्लमेंटात बसता येत नव्हते, पण निवडणुकीला उभे राहू नये असे कुठे लिहिले होते? ओकॉनेल उभे राहिले. वर्षाला चाळीस शिलिंग किमतीची जमीन कसणाऱ्या लहान शेतकऱ्यांनाही तेव्हा मत होते. पण मतदान उघड असे आणि मत जमीनदार सांगेल तिकडे जाई. या वेळी ते शेतकरी आपल्या धर्मगुरूंबरोबर रांगेने चालत एनिस गावी आले. घर जाईल, जमीन जाईल हे ठाऊक असून त्यांनी मत दिले. ओकॉनेल यांना २०५७ मते पडली, प्रतिस्पर्ध्याला ९८२. इंग्लंडचे पंतप्रधान वेलिंग्टन व गृहमंत्री पील यांनी ओळखले की, आता नाही म्हटले तर देशात यादवी माजेल. १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिक मुक्तीचा कायदा झाला. रक्ताचा थेंब न सांडता! लोक त्यांना मुक्तिदाता म्हणू लागले.

या विजयाची किंमतही सांगितली पाहिजे. त्याच वेळी सरकारने आयर्लंडच्या जिल्ह्यांतील मतदानाची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली. सुमारे २ लाख १६ हजार मतदारांचे ३७ हजार झाले. ज्यांनी घरदार पणाला लावून त्यांना निवडून दिले, त्यांचेच मत गेले. ओकॉनेल यांनी आधी विरोध केला, पण अखेरीस ते गप्प राहिले. पार्लमेंटची दारे सुशिक्षित कॅथलिकांना उघडली, गरीब मात्र बाहेरच राहिला.

पार्लमेंटात ते केवळ कॅथलिकांचे वकील नव्हते. यहुदी लोकांच्या हक्कांसाठी ते बोलले. गुलामगिरीचा त्यांनी इतका कडक निषेध केला की, अमेरिकेतून त्यांच्या चळवळीला येणारी मदत आटली, तरी ते मागे हटले नाहीत. आपल्याला कॅथलिकांची सत्ता प्रोटेस्टंटांवर लादायची नाही, हे ते पुनःपुन्हा सांगत. याबद्दल त्यांच्या मनात खोट होती असे आम्हांला वाटत नाही.

मग काय चुकले? १८४० पासून त्यांनी आयर्लंडचे पार्लमेंट परत मिळवण्याची चळवळ उभारली. साधने तीच : धर्मग्राम, धर्मगुरू, पेनी, प्रचंड सभा. १५ ऑगस्ट १८४३ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, प्राचीन राजांच्या तारा टेकडीवर लाखो लोक जमले. सकाळी ठिकठिकाणी वेद्या उभारून मिस्सा झाल्या. आपल्याला हे दृश्य वाचून आनंद होतो. परंतु उत्तरेतील एखाद्या प्रेस्बिटेरियन विणकराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. देशाची सभा आणि मिस्सा एकाच टेकडीवर! या नव्या देशात माझी जागा कुठे, असे त्याला वाटले नसेल का?

याच बेलफास्टमध्ये १७९१ साली प्रेस्बिटेरियन मंडळींनी कॅथलिकांच्या हक्कांसाठी युनायटेड आयरिशमेन ही संघटना काढली होती. पन्नास वर्षांनी, जानेवारी १८४१ मध्ये, ओकॉनेल तिथे गेले तेव्हा वारे पालटले होते. प्रेस्बिटेरियन पाळक हेन्री कूक यांनी त्यांना जाहीर वादाचे आव्हान दिले. ब्रिटनशी जोडल्यामुळेच आमचे शहर भरभराटले, असे कूक यांचे म्हणणे होते. ओकॉनेल यांनी आव्हान टाळले. दगडफेक झाली आणि त्यांना पोलिसांच्या संरक्षणात शहर सोडावे लागले. कूक यांच्यासमोर बसून ते बोलले असते तर इतिहास बदलला असता, असा आमचा दावा नाही. पण त्या लोकांची भीती समजून घेण्याचा मोठा प्रयत्न पुढेही झाला नाही. ब्रिटनचा हात सुटला की प्रोटेस्टंट आपोआप आपल्यात येतील, असे ते धरून चालले.

१८४५ साली सरकारने सर्व धर्मांच्या तरुणांसाठी एकत्र कॉलेजे काढायचे ठरवले. बहुतेक बिशपांचा विरोध होता आणि ओकॉनेल त्यांच्या बाजूने उभे राहिले. ख्रिस्तसभेची काळजी खोटी नव्हती. शाळांच्या आडून धर्मांतराचे प्रयत्न तिने पाहिले होते. पण ओकॉनेल यांचा तरुण प्रोटेस्टंट सहकारी टॉमस डेव्हिस कळवळून सांगत होता की, मुले वेगळी शिकली तर माणसे वेगळी जगतील. भर सभेत ओकॉनेल यांनी त्याला टोचून बोलले आणि त्याला रडू आवरेना. सप्टेंबरमध्ये तो वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. ओकॉनेल यांना अतिशय दुःख झाले.

अहिंसेचा शब्द मात्र त्यांनी अखेरपर्यंत पाळला. ८ ऑक्टोबर १८४३ ची क्लोंटार्फची सभा सरकारने आदल्या दिवशी बंद केली, सैन्य उभे केले. ओकॉनेल यांनी तातडीने दूत पाठवून लोकांना परत वळवले. त्यांना भित्रे म्हटले गेले. पण त्या रविवारी कोणाचे मूल पोरके झाले नाही. पुढे खटला झाला, तुरुंगवासही घडला. मग बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ आला. फेब्रुवारी १८४७ मध्ये खंगलेल्या आवाजात त्यांनी पार्लमेंटकडे आपल्या लोकांसाठी अन्न मागितले. रोमच्या यात्रेला निघालेले असताना १५ मे १८४७ रोजी जेनोवा येथे त्यांनी प्राण सोडला. हृदय रोमला नेण्यात आले, देह डब्लिनला आला.

डब्लिनच्या ग्लासनेविन दफनभूमीत त्यांची कबर आहे. ही दफनभूमी त्यांच्याच प्रयत्नाने १८३२ साली सुरू झाली. पूर्वी प्रोटेस्टंट दफनभूमीत कॅथलिक धर्मगुरूला कबरीवर प्रार्थनाही म्हणू देत नसत. ओकॉनेल यांनी मिळवलेली जागा मात्र सर्व धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्यांच्याही मृतांसाठी खुली होती. त्यांच्या कबरीवर उंच मनोरा आहे. १९७१ साली ब्रिटननिष्ठ अतिरेक्यांनी त्यात बाँबस्फोट केला आणि आतला जिना उद्ध्वस्त झाला. ज्याने आयुष्यभर बंदूक नाकारली, त्याच्या कबरीलाही त्या भांडणाने सोडले नाही. तो जिना दुरुस्त होऊन २०१८ साली लोकांसाठी पुन्हा खुला झाला.

आयर्लंडने एक व्हावे की नाही, हे तिथली माणसे ठरवतील. ओकॉनेल यांच्या आयुष्यातून आम्ही एवढेच घेतो : बहुमताने कायदा होतो, सीमारेषाही पुसता येते, पण शेजाऱ्याच्या मनातली भीती बहुमताने जात नाही. ती घालवायला त्याच्या दारी जावे लागते. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट करून ये, असे प्रभू येशूने शिकवले आहे. डेस्टेर यांच्या बाबतीत ओकॉनेल यांना ते कळले होते. एका घराचे देणे ते जन्मभर फेडत राहिले. एका संपूर्ण समाजाच्या बाबतीत ते राहून गेले. आज मिस्सेला येताना आपल्यापैकी कोणाचा समेट राहून गेला असेल, तर तो याच आठवड्यात व्हावा, हीच प्रभूचरणी प्रार्थना.