मातीच्या बोळक्यातला चहा

गेल्या वर्षी चार जुलैला न्यू जर्सीहून माझ्या भाच्याचा फोन आला. तिकडे त्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. स्वारी घरीच होती आणि टीव्हीवर बेसबॉल चाललं होतं. मोठ्या उत्साहाने तो मला सांगायला लागला, की याच तारखेला १९३९ साली लू गेरिग नावाच्या खेळाडूने न्यूयॉर्कच्या गच्च भरलेल्या मैदानात उभं राहून सगळ्यांचा निरोप घेतला होता. सलग २१३० सामने खेळलेला माणूस, पण स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने त्याला गाठलं आणि पुढच्या दोन वर्षांत तो गेला. तो आजार तिकडे आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो म्हणे. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने विचारलं, मावशी, चार जुलैला आपल्याकडे खेळातलं काय झालं? नेहमीप्रमाणे मी गप्प बसेन असं त्याला वाटलं असणार. पण या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. १९५५ साली याच दिवशी मुंबईत पालवणकर बाळू वारले. पलीकडे शांतता. सगळं बालपण पुण्यात गेलेला, पेठेतल्या गल्लीबोळात क्रिकेट खेळून शेजाऱ्यांच्या काचा फोडलेला हा मुलगा. त्याने बाळूंचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

आणि मी तरी कुठे ऐकलं होतं? बी.ए.ला माझा इतिहास होता. रानडे, गोखले, टिळक, पुणे करार, सगळं घोकून परीक्षा दिली. त्या करारावर सह्या करणाऱ्यांमध्ये पी. बाळू हेही एक नाव आहे, पण हा माणूस आपल्या पुण्यात पिच लोळवून मोठा झाला हे कुणी सांगितलं नाही. रामचंद्र गुहांचं भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरचं पुस्तक २००२ साली आलं, तेव्हा हे नाव पुन्हा लोकांपुढे आलं. माझ्या हातात ते फार उशिरा पडलं, तेही पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत आम्ही काही मैत्रिणी संध्याकाळी अभ्यासिका चालवतो, तिथल्या मुलांना गोष्ट सांगायची म्हणून.

बाळूंचं घराणं मूळचं कोकणातलं. जन्म १८७६ साली धारवाडला. जात चर्मकार. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. छावणीतल्या साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबात, पगार महिना ३ रुपये. मैदान झाडायचं, रूळ फिरवायचा आणि सभासदांना हौस आली तर त्यांना चार चेंडू टाकायचे. मग १८९२ च्या सुमारास कॅम्पातल्या पूना क्लबात गेले. तिथे पगार एक रुपयाने वाढला, म्हणजे ४ रुपये. कामं मात्र रुपयापेक्षा जास्त वाढली! पिच तयार करा, जाळ्या बांधा, टेनिसच्या रेघा आखा.

ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या साहेबाने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला लावली. डावखुरी, संथ, फिरकी गोलंदाजी. पुढे कॅप्टन ग्रेग हा त्या काळातला नावाजलेला फलंदाज त्यांच्यापुढे रोज तासन् तास सराव करायला लागला. या ग्रेगला सगळे जंगली म्हणत. जंगली होता म्हणून नव्हे, त्याच्या नावाची जे. जी. ही अक्षरं भराभर म्हटली की तसं ऐकू येतं म्हणून. ग्रेगला बाद केलं की आठ आणे बक्षीस, असं सांगतात. आठवड्यातून एकदा जरी विकेट मिळाली तरी महिन्याला दोन रुपये, म्हणजे निम्मा पगार वरकड. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या आठ आण्यांची किंमत लगेच कळते. एवढे हजारो चेंडू टाकूनही त्या जाळीत बाळूंच्या हातात बॅट मात्र कुणी दिली नाही. बॅट साहेबाची आणि घाम नोकराचा, असा सरळ हिशेब होता.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि ज्याच्यापुढे ग्रेगसुद्धा चाचपडतो तो गोलंदाज गावातच होता. पण घ्यायचा कसा? क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, आपल्या मराठी ब्राह्मण मंडळींचा विरोध होता. (मी स्वतः सदाशिव पेठेतली, म्हणून हे लिहिताना जरा जड जातं, पण खरं ते खरं.) शेवटी जिंकण्याचा मोह सोवळ्यापेक्षा मोठा ठरला आणि बाळूंना संघात घेतलं.

घेतलं म्हणजे कसं? मैदानावर सगळे तोच चेंडू हातात घेत. बाळूंनी टाकलेला, त्यांच्या घामाने ओला झालेला चेंडू झेलताना कुणाला विटाळ होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यात चहा मिळे. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. तोंड धुवायचं तर अस्पृश्य मानलेला नोकर एका कोपऱ्यात पाणी घालणार.

पुढे साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथल्या लोकांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक करून ठेवली होती. बाळूंनी तरीही सात बळी घेतले. आयुष्य रूळ फिरवण्यात गेलेल्या माणसाला रुळाची काय भीती! न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हा संघातल्या लोकांना सुनावलं होतं, की ज्याच्याबरोबर खेळायला चालतं त्याच्याबरोबर चहा आणि जेवण घ्यायला काय हरकत आहे.

ही गोष्ट मी अभ्यासिकेत सांगत होते. मुलं रंगली होती. सात विकेट म्हटल्यावर टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, तिने विचारलं की चहा पिऊन झाल्यावर ते बोळकं कोण फोडायचं? बाळूच का? मला उत्तर देता आलं नाही. पुढे चला, मुंबईला जाऊ या, असं म्हणून मी गोष्ट रेटली.

तर मुंबई. १८९६ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यातही तोच वाद झाला, आणि तिथेही शेवटी त्यांना घेतलं. रेल्वेत नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंचा युरोपियनांशी सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, गोऱ्यांच्या १९१ आणि १०२. म्हणजे १०९ धावांनी विजय. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होता. बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीचे दिवस ते. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर वर्तमानपत्रांतून आनंद झाला. सुधारक मंडळींना त्याहून मोठा आनंद याचा, की या संघातले लोक बाळूंबरोबर आत बसून जेवायला लागले होते. पुण्यात बाहेर ठेवलेला माणूस मुंबईत आत आला, त्याला दहा वर्षं आणि कितीतरी विकेटी लागल्या.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला सर्व जातिधर्मांचा संघ इंग्लंडला गेला. तेवीस सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले. महाराज मेजवान्यांत रमले होते, मैदानात फार कमी दिसले. बाळू मात्र पस्तिशीत होते आणि एकामागून एक षटकं टाकत होते. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, प्रत्येक बळीमागे १९ हूनही कमी धावा. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर तेव्हा वीस वर्षांचे होते आणि त्यांना बाळूंचा फार अभिमान होता.

एवढं सगळं झालं, पण कप्तानपद? ते नाही. वर्षानुवर्षं बाळूंपेक्षा कमी अनुभवी माणसं कप्तान झाली. त्यातल्या एम. डी. पै यांनी तर स्वतःच्या सत्कारात उघड सांगितलं, की हा मान बाळूंचा होता. १९२० साली कहर झाला. पै आजारी, बाळूंना संघातून वगळलं आणि कप्तान केलं पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर मोठेच खेळाडू, प्रश्न त्यांचा नव्हताच. पण शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतलं. जातीमुळे हा अपमान होतो आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. गडबड उडाली. पुढच्या सामन्यात बाळूंना परत बोलावून उपकप्तान केलं, भाऊही परतले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला. त्यांच्या वाट्याला कप्तानी आली ती एवढीच. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल कप्तान झाला, हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. थोरल्याने पेरलं ते धाकट्याच्या पदरात पडलं, पण थोरला ते बघायला होता.

यानंतरच्या भागावर आमच्या अभ्यासिकेत खळबळ उडाली. १९३२ साली गांधीजींचं येरवड्याला उपोषण चालू असताना बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. मुलांचे चेहरे पडले. मुलीला घ्यायला आलेल्या एक ताई तर म्हणाल्या की असल्या माणसाची गोष्ट कशाला सांगता? मला वाटतं, सगळं आयुष्य ज्यांनी दार अर्धंच उघडलं, त्यांच्याबरोबरच राहून ते पूर्ण उघडेल अशी आशा बाळूंनी शेवटपर्यंत धरली. बाबासाहेबांनी ती आशा सोडून दिली होती. त्या ताईंना हे पटलं नाही, आणि त्यांना ते पटवून देण्याचा मला काय अधिकार, असं वाटून मी गप्प बसले.

त्या रात्री घरी आल्यावर मात्र त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना. स्वयंपाकघर आवरताना गॅलरीच्या कठड्याकडे लक्ष गेलं. तिथे एक कान तुटलेला, निळ्या फुलांचा कप पालथा घातलेला असतो. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचा तो कप. ही पद्धत सासूबाईंची. पण सासूबाईंचं स्वयंपाकघरात येणं बंद होऊन दहा वर्षं झाली, आणि ही दहाही वर्षं तो कप मीच तिथे ठेवत होते. मी, वस्तीत जाऊन समतेवर बोलणारी!

दुसऱ्या दिवशी मावशींना आमच्या रोजच्या कपातून चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, तो पायरीवर ठेवला आणि माझा कप कुठे गेला म्हणून विचारलं. फुटला, असं मी सांगितलं. खरं तर तो खालच्या कपाटात, डब्यांच्या मागे लपवून ठेवला होता. चहा पिऊन झाल्यावर मावशींनी तो कप बाहेरच्या नळावर स्वच्छ धुतला आणि जुना कप असायचा तिथेच, कठड्यावर पालथा घालून ठेवला.