खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिक स्पर्धेत फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. लहान चण व विलक्षण चपळाई यांमुळे ते 'पॉकेट डायनॅमो' या नावाने ओळखले जात. अपरिचित मॅट, पैशाची चणचण व निवडीचा वाद या अडथळ्यांवर त्यांनी मात केली. मात्र गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची ऑलिंपिक कारकीर्द अकाली संपवली.

प्रारंभिक जीवन

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. पाच भावंडांत सर्वांत धाकट्या असलेल्या खाशाबांना त्यांनी बालपणीच तालमीची गोडी लावली. खाशाबांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. याच काळात १९४२ चे 'छोडो भारत' आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्हा हे भूमिगत चळवळीचे मोठे केंद्र होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या व निरोप पोहोचवण्याच्या कामात खाशाबांनी भाग घेतला.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर बनले होते. तेथे बाबुराव बलवडे व बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ताकदीपेक्षा डाव आणि वेग यांवर त्यांची कुस्ती उभी होती. 'ढाक' या डावावर त्यांचे विशेष प्रभुत्व होते.

लंडन ऑलिंपिक, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांच्या अर्थसाहाय्याने खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी रवाना झाले. तोवरची त्यांची बहुतेक कारकीर्द लाल मातीच्या आखाड्यात घडली होती. मातीत पाय रोवता येतो व पडल्यावर मार कमी लागतो. मॅटवर मात्र पकड, हालचाल व गुणांचे नियम वेगळे असतात. अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी त्यांना लंडनमध्ये प्रशिक्षण दिले. फ्लायवेट गटात खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला. पदक हुकले, तरी आपल्यात नेमके काय कमी आहे हे त्यांना उमगले. परतल्यावर त्यांनी वरच्या वजनगटात जाऊन मॅटवरील तंत्राचा कसून सराव सुरू केला.

निवडीचा वाद व निधी

१९५२ च्या ऑलिंपिकसाठी झालेल्या निवडीत खाशाबांना प्रथम डावलण्यात आले. हा निर्णय अन्यायकारक वाटल्याने त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यानंतर झालेल्या फेरलढतीत त्यांनी प्रतिस्पर्धी निरंजन दास यांना पराभूत केले आणि संघात स्थान मिळवले.

पुढचा प्रश्न प्रवासखर्चाचा होता. गोळेश्वर व कराड परिसरातील लोकांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीहून परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून त्यांच्या उत्पन्नातून हे कर्ज फेडण्यास हातभार लावला.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

हेलसिंकी येथे खाशाबांनी कॅनडाचे आद्रियाँ पोलिकँ, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो व जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले. पुढे जपानचे शोहाची इशी व सोव्हिएत संघाचे रशीद ममादबेयोव यांच्याकडून ते पराभूत झाले. इशी यांनी सुवर्ण, तर ममादबेयोव यांनी रौप्यपदक मिळवले. दोन लढतींदरम्यान नियमानुसार मिळावयाची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही आणि त्यासाठी आग्रह धरणारा भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे सांगितले जाते. २३ जुलै १९५२ रोजी त्यांचे कांस्यपदक निश्चित झाले. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले.

मायदेशी परतल्यावर कराड ते गोळेश्वर अशी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढून लोकांनी त्यांचे स्वागत केले.

दुखापत व पोलीस सेवा

१९५५ मध्ये खाशाबा उपनिरीक्षक म्हणून पोलीस दलात रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पुन्हा उतरण्याचा त्यांचा निर्धार होता. वयाची तिशी जेमतेम गाठलेल्या खाशाबांच्या गाठीशी आता दोन ऑलिंपिक स्पर्धांचा अनुभव होता. मात्र तयारीच्या काळात त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला उचलताना व फिरवताना शरीराचा सारा भार आणि पीळ गुडघ्यावर येतो. आज प्रचलित असलेली दुर्बिणीद्वारे होणारी गुडघ्याची शस्त्रक्रिया त्या काळी खेळाडूंना उपलब्ध नव्हती. परिणामी मेलबर्नची संधी हुकली आणि त्यांना पुन्हा ऑलिंपिकमध्ये खेळता आले नाही.

तरीही कुस्तीशी त्यांचा संबंध तुटला नाही. पोलीस दलात त्यांनी क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते साहाय्यक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले व त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक ओढाताणीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान व वारसा

खाशाबांना हयातीत मोठे शासकीय सन्मान लाभले नाहीत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योत-दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले होते. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार व केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मरणोत्तर देण्यात आले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या जयंतीदिनी, गूगलने त्यांच्यावर डूडल प्रसिद्ध केले. गोळेश्वर येथील त्यांचे घर 'ऑलिंपिक निवास' या नावाने ओळखले जाते.

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ मध्ये अटलांटा येथे टेनिसपटू लिएंडर पेस यांनी ते मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक २००८ मध्ये बीजिंग येथे सुशील कुमार यांना मिळाले.