उतारावरची परीक्षा

गाडी धावते कशी, याचे कौतुक सगळ्यांनाच असते. ती थांबते कशी, याची आठवण मात्र बहुधा उतार लागल्यावरच होते. मोटारगाडीच्या अगदी बालपणी ही आठवण एका जर्मन गृहिणीला झाली आणि तिने रस्त्यातच त्यावर इलाज शोधला. त्या गृहिणीचे नाव बर्था बेन्झ.

३ मे १८४९ रोजी फोर्त्सहाइम गावी एका सुखवस्तू घरात बर्थाबाईंचा जन्म झाला. मुलगीच झाली म्हणून वडिलांनी घरच्या बायबलमध्ये हळहळ नोंदवली होती, असे सांगतात. यंत्राच्या वेडाने झपाटलेल्या, पण खिसा रिकामा असलेल्या कार्ल बेन्झ या तरुणावर त्यांचे मन जडले. कार्ल यांच्या भागीदाराचे देणे चुकवून त्याला मोकळे करायचे होते. त्यासाठी बर्थाबाईंनी आपल्या हुंड्याचा पैसा लग्नाआधीच मागून घेतला. १८७२ मध्ये लग्न झाले. पुढची कितीतरी वर्षे ओढगस्तीत गेली. १८७९ च्या अखेरच्या रात्री कार्ल यांचे इंजिन एकदाचे चालू झाले आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला.

पण गिऱ्हाईक कुठे होते? लोक गाडी पाहत, घाबरत, हसत आणि आपल्या वाटेने जात. कार्ल हाडाचे कारागीर; गाडी अजून पूर्ण निर्दोष झालेली नाही, हे त्यांचे पालुपद. फेऱ्या होत त्या जवळपासच्याच. घरातला सारा पैसा आणि सारे तारुण्य त्या गाडीत गुंतले होते. ती लांबच्या प्रवासाला टिकते, हे कोणीतरी दाखवून देणे भाग होते.

ऑगस्ट १८८८ मधल्या एका पहाटे नवऱ्याला न सांगता बर्थाबाईंनी गाडी बाहेर काढली. सोबत १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. निघायचे मानहाइमहून आणि जायचे माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा वीसलोखच्या औषधांच्या दुकानातून डाग काढण्यासाठी विकले जाणारे लिग्रोइन घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेवरचे आवरण गेले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ताणलेली साखळी ब्रुखजालच्या लोहाराने नीट केली.

हे सारे बिघाड एकदा दुरुस्त केले की मिटणारे होते. ब्रेकचे तसे नव्हते. दांडा ओढला की लाकडी ठोकळा चाकावर दाबला जाई, एवढीच ती रचना. घोडागाडीत असे ठोकळे पुरत, कारण उतारावर घोडाही मागे रेटून भार पेलतो. इथे घोडाच नव्हता. गाडीचा आणि तिघांचा सारा भार त्या लाकडावर येई. घर्षणाने लाकूड तापे आणि झिजे. जितके झिजे, तितका दांडा जास्त ओढावा लागे आणि पकड कमीच होत जाई. दोष दांड्यात नव्हता की ओढणाऱ्या हातात. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागात होता. सपाट रस्त्यावरच्या लहान फेऱ्यांत तो कळला नसता. फोर्त्सहाइमच्या आसपासच्या डोंगराळ मुलखाने तो उघडा पाडला.

बर्थाबाईंनी बाउश्लोट गावी चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. चामडे लाकडापेक्षा चांगली पकड घेते. झिजायचे ते चामडे झिजते, ठोकळा शाबूत राहतो आणि पुढच्या गावी नवे चामडे बसवता येते. आज गॅरेजमध्ये जुन्या गाडीचे लायनर बदलतात, त्यामागचे तत्त्व हेच.

संध्याकाळी तिघे माहेरी पोचले आणि मानहाइमला तार गेली. काही दिवसांनी गाडी पुन्हा आपल्या चाकांवर घरी परतली. येताना बर्थाबाईंनी तक्रारींची यादीही आणली. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली होती, म्हणून जोर देणारा आणखी एक गियर हवा होता. ब्रेकला अस्तर हवे होते. कार्ल यांनी या सूचना मनावर घेतल्या. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले आणि पुढे गिऱ्हाइकेही येऊ लागली.

१९२९ मध्ये कार्ल गेले. बर्थाबाई लाडेनबुर्गच्या घरी राहत होत्या. ३ मे १९४४ रोजी, पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकले त्या कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय सिनेटर केले. दोनच दिवसांनी त्यांनी डोळे मिटले. २००८ मध्ये त्यांच्या त्या प्रवासाच्या मार्गाला त्यांचे नाव अधिकृतपणे लाभले.

त्या इंजिनिअर नव्हत्या. पण तोच भाग पुन्हा पुन्हा दगा देतो, तेव्हा तो नुसता बदलून भागत नाही. कुठे, किती भाराने आणि कशामुळे तो झिजतो, हे पाहावे लागते आणि त्यासाठी गाडी खऱ्या रस्त्यावर न्यावी लागते. नवऱ्याच्या गाडीवर बर्थाबाईंचा गाढ विश्वास होता. म्हणूनच तिचे दोष पाहायला त्या कचरल्या नाहीत.